पाळी : पहिली

सरकारी कागद बघितले तर माझा खालचा पुढचा दात मी साडेतेरा वर्षांची असताना पडला. तो कागद खोटा आहे. तो दात सातव्या वर्षी पडला, शाळेच्या नळावर पाणी पिताना, आणि मी तो पाण्याबरोबर गिळला. आता तोंडात कायमचेही मोजके उरलेत, पण कुठला कधी गेला हे मला पाठ आहे. त्या खोट्या दाताने मला जेवढं मोठं केलं तेवढं खऱ्या दातांनी केलं नाही, म्हणून हे लिहितेय.

माझी आई जहाजावर वेल्डर होती. समुद्रातल्या जहाजावर नव्हे. आमच्या लहानपणी नुसतं ‘जहाज’ म्हटलं की माणसं वर बघायची. ते इतक्या वेगाने जायचं की त्यावरचा काळ आपल्यापेक्षा हळू सरकायचा. तिथला एक महिना म्हणजे इथले सात. त्यामुळे जहाजवाल्यांच्या मुलांना साताचा पाढा बाकीच्यांच्या आधी यायचा. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते. ती परतणार होती मी सतरा वर्षांची झाल्यावर, आणि तिच्या लेखी मधे जाणार होते फक्त एकोणीस महिने.

लोक अजूनही विचारतात, एवढ्याशा पोरीला सोडून बाई गेलीच कशी. त्याच जहाजावर बावीस बाप होते. त्यांच्याबद्दल मला आजवर कोणी विचारलेलं नाही.

माझे वडील मी पाळण्यात असतानाच वारले होते. मला मावशीने वाढवलं. ती इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करायची आणि घरी आली की तिच्या हातांना गरम कापडाचा वास यायचा. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ती माझी वेणी घट्ट घालून मला पत्रखात्यात न्यायची. तिथे दोन खिडक्या होत्या. एकीवर ‘घरची पत्रे’, दुसरीवर ‘कामाची पत्रे’. घरच्या खिडकीत एक बाई बसायच्या. चांगल्या सहा फूट उंच, उभ्या राहिल्या की खिडकीतून त्यांचं डोकं दिसायचं नाही. पण सगळे त्यांना छोटीबाई म्हणायचे. का, ते मला फार उशिरा कळलं. त्या पत्र घ्यायच्या, गालाला हात लावायच्या, आणि आईचं पत्र आलेलं असलं तर टंकलेला कागद हातात ठेवायच्या.

आई मला टिंब म्हणायची आणि टिंबाशी बोलावं तशीच बोलायची. “माझं टिंब जेवलं का? कोणाशी भांडलं का? मावशीला छळलं का?” आठव्या वर्षी मला ते गोड वाटायचं. अकराव्या वर्षी राग यायला लागला.

“मावशी, मी ‘ते’ आहे का गं?”

“आईला पोर ‘ते’च असतं. तुझी आई मला अजून ‘ते येडं’ म्हणते.”

“पण मी शाळेच्या पळण्यात पहिली आल्याचं कळवलं होतं. तिने लिहिलंय, माझं टिंब धावताना पडलं नाही ना.”

“काळजी असते, बये. वाच आणि गप बस.”

मी वाचलं आणि गप बसले. गप बसायचे दिवस होते ते.

साडेतेराव्या वर्षी, भूगोलाच्या तासाला, मला पाळी आली. मैत्रिणीच्या स्वेटरची गाठ कमरेला मारून घरी आले. मावशीने सगळं नीट सांगितलं, जवळ घेतलं, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन उगाच डबे लावत बसली. मी कागद घेतला आणि आईला लिहिलं. शब्दन् शब्द आठवतो.

“आई, आज मला रक्त आलं. आधी घाबरले. मावशी म्हणाली याला पाळी म्हणतात आणि मी आता मोठी झाले. पोटात दुखतंय. तुला पहिल्यांदा आली तेव्हा तू कुठे होतीस? कोणाला सांगितलंस?”

उत्तर यायला पाच महिने लागले. खिडकीपाशीच उभं राहून वाचलं.

“माझं टिंब घाबरलं का? अगं, दात पडला की थोडं रक्त यायचंच. मिठाच्या पाण्याने गुळण्या कर. सारखी जीभ लावून चाचपू नकोस. त्या जागी येईल तो मोठा आणि पक्का येईल.”

मावशीने माझ्या हातातून कागद घेतला. वाचून आधी तिला हसू फुटलं, मग ते तोंडातच राहिलं. तिने खिडकीच्या कठड्यावर कोपर टेकलं.

“छोटीबाई, हे काय आहे?”

छोटीबाईंनी कागद बघितला आणि शांतपणे परत दिला. “चांगलं पत्र आहे की.”

“मी दाताचं काही लिहिलं नव्हतं,” मी म्हणाले.

“नाही, बाळ. तुझं पत्र मी लहान केलं.”

लहान करणं हा त्यांच्या कामाचा शब्द होता. इस्त्री करणं, तसं पत्र लहान करणं. त्यांनी तो कुठलीही लाज न वाटता सांगितला. जहाजावरच्या माणसांना मुलांची पत्रं वयाच्या बेताने द्यायची असा नियम होता. वय म्हणजे तिकडच्या घड्याळाचं वय.

“तुझ्या आईला जाऊन तिच्या हिशेबाने सव्वा वर्ष होतंय. तिने मागे ठेवली ती पोर सहाची. आता ती सात-सव्वासात. एकदम चौदाची समोर आली तर हात हलेल तिचा. आणि त्या हातात काय असतं? ज्योत.”

“तिला साताचा पाढा येतो.”

“पाढा सगळ्यांनाच येतो. म्हणून आम्ही सांगितलंय की पत्रं पोचायला वर्षं लागतात. तिला वाटतं, ही जुनी आहेत, पुढची मागून येतायत.”

“म्हणजे तुम्ही तिच्याशी खोटं बोलता.”

“मी खोटं लिहीत नाही. लहान लिहिते. रक्त होतं, ते राहू दिलं की नाही?”

मावशी म्हणाली, “आणि ती उतरेल तेव्हा? फाटकात सात वर्षांची पोर शोधेल आणि समोर घोडी उभी असेल.”

“उतरल्यावर दोन दिवस एका खोलीत बसवून सगळं समजावतात,” छोटीबाई म्हणाल्या. “चहा-बिस्किटं असतात.”

त्या दिवशी मी ठरवलं. माझी आई त्या खोलीत बसणार नाही. फाटकाशी कोण उभं असणार आहे हे तिला उतरायच्या आधी कळलं पाहिजे, आणि ते मी कळवलं पाहिजे.

पहिल्यांदा मी केलं ते बावळटपणाचं होतं. मी पत्र लिहिणंच बंद केलं. म्हटलं, पत्र नाही तर लहान काय करतील. तीन महिन्यांनी छोटीबाईंनी मला आईचं पत्र दिलं. त्यात तिने माझ्या चित्राबद्दल माझं कौतुक केलं होतं. मी चित्र काढलं नव्हतं.

“आईला पत्र तर मिळायलाच हवं ना,” छोटीबाई म्हणाल्या. “तुझ्या जुन्या पत्रांवरून लिहिते मी. तुझी भाषा मला चांगली येते, बाळ.”

म्हणजे मी बोलले तरी लहान, न बोलले तरी लहान. घरी येताना मी रस्त्याकडेच्या एकाही दगडाला सोडलं नाही, सगळ्यांना लाथा मारल्या. मावशी मागून चालत होती. कोपऱ्यावर आल्यावर म्हणाली, “दगड संपले असतील तर सांगते. तुझ्या आईच्या कारखान्यात उमेदवार घेतायत. चौदा पूर्ण झाले की घेतात. दुसरी खिडकी कोणाची असते, बघितलंयस कधी?”

मावशीला मी आयुष्यभर कोणाला येडं म्हणू दिलं नाही ते त्यामुळे.

कारखाना म्हणजे एक लांबलचक पत्र्याची शेड आणि तिच्या टोकाला तपासणीची खोली. उमेदवार म्हणजे शिकाऊ. आमचे मेस्त्री बुटके, भुवया जळालेले, बोलायला कंजूस. त्यांनी मला पहिल्या दिवशी मांडण्या दाखवल्या. जहाजासाठी जो जो सांधा जोडला गेला, त्याच्याबरोबर त्याच हाताने, त्याच दिवशी, एक जोडतुकडा केलेला असायचा. मूळ सांधा वर जायचा, जोडतुकडा इथे राहायचा. इथे त्याला तापवायचं, गोठवायचं, ताण द्यायचा, आणि ठरावीक दिवसांनी तपासायचं. तुकड्याला तडा गेला तर वरच्या सांध्याचीही तब्येत बघायला हवी. तपासणीचं सांधापत्र थेट त्या वेल्डरला जायचं. प्रत्येक तुकड्यावर वेल्डरचा शिक्का असायचा. माझ्या आईचा शिक्का एकेचाळीस.

“आणि हे पत्र खात्यात लहान करतात?” मी विचारलं.

मेस्त्रींनी माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. “पूर्वी करायचे. एका भल्या माणसाने वाचणाऱ्याला धक्का नको म्हणून ‘तडा’ खोडून ‘बारीकशी रेघ’ लिहिलं. वरच्याने बारीकशा रेघेकडे लक्ष दिलं नाही. झडप फुटली, दोन माणसं भाजली. तेव्हापासून कामाच्या पत्राचा काना-मात्राही हलत नाही. हात लावला तर नोकरी जाते.”

मी त्या मांडणीकडे बघत राहिले.

“पण पत्र लिहायला आधी तपासता यायला लागतं,” मेस्त्री म्हणाले. “झाडू तिकडे आहे.”

वर्षभर मी झाडलं, तुकडे घासले, आणि बघायला शिकले. तुकडा आरशासारखा घासायचा, त्यावर लाल रंग लावायचा, थांबायचं, पुसून टाकायचा, मग पांढरी पूड फवारायची. सांधा धड असेल तर पांढरा तो पांढराच राहतो. तडा असेल तर आत मुरलेला रंग वर येतो आणि पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. मेस्त्री म्हणायचे, पुसताना हात चोरायचा नाही आणि बघताना डोळा चोरायचा नाही.

पंधरा वर्षं दोन महिन्यांची असताना मला पहिलं स्वतंत्र सांधापत्र लिहायची परवानगी मिळाली. मी एकेचाळीसचा तुकडा मागून घेतला. मनात पत्र कधीच तयार होतं. तुकडा ठीक आहे असं एका ओळीत उरकायचं आणि मग माझं काय ते लिहायचं, असा बेत. रंग लावला, पुसला, पूड मारली आणि आवरायला वळले. परत बघितलं तर कडेला लाल केस उगवला होता.

पाच मिलिमीटर. आईच्या सांध्यात.

खोलीत मी एकटीच होते. पहिला विचार मनात काय आला ते आज सांगायला हरकत नाही. वाटलं, एवढासा तर आहे. नऊ वर्षांनी पोरीचं पहिलं खरं पत्र जाणार आणि त्यात पहिली ओळ ‘तुझं काम चुकलं’? पुढच्या तपासणीत कळवू. तोवर तिला बरं वाटू दे. मी भिंग हातात घेऊन बसले होते आणि मला अचानक कळलं की मी छोटीबाईंच्या खुर्चीत बसलेय.

उठले, लेखणी घेतली आणि लिहिलं: ‘तडा. लांबी पाच मिलिमीटर.’

त्याखाली छापील रकाने होते. निरीक्षकाचे वय. निरीक्षकाची दृष्टी. निरीक्षकाची पाळी. पाळी म्हणजे कामाची. सकाळची पहिली, दुपारची दुसरी, रात्रीची तिसरी. सगळे तिथे एक आकडा टाकून मोकळे व्हायचे. मी त्या रकान्याकडे बराच वेळ बघितलं. मग भरला आणि कागद मेस्त्रींपुढे ठेवला, कारण त्यांची सही लागायची.

ते मोठ्याने वाचायचे, सवयीने.

“वय: पंधरा वर्षे दोन महिने. दृष्टी: उत्तम. पाळी: पहिली...” ते थांबले. मग हळू आवाजात पुढे गेले. “पाळी: पहिली, वयाच्या साडेतेराव्या वर्षी. तेव्हापासून नियमित.”

शेडमधून हातोड्यांचा आवाज येत होता.

“शेरा,” मेस्त्री वाचू लागले. “उपरोक्त प्रसंगी आलेले रक्त दाताचे नव्हते. निरीक्षकाचे दात अठ्ठावीस असून सर्व कायमचे आहेत. वेल्डर एकेचाळीस यांना पहिली पाळी लागली तेव्हा त्या कोठे होत्या, याची नोंद येथे नाही. कळवावी.”

त्यांनी कागद खाली ठेवला. त्यांचे कान लाल झाले होते.

“हे सांध्याबद्दल नाही, पोरी.”

“सांधा ज्या डोळ्यांनी बघितला त्यांच्याबद्दल आहे. ते रकाने मी छापलेले नाहीत.”

“मला चार मुलगे आहेत. मला असलं काही वाचायची सवय नाही.”

“तडा खरा आहे का ते बघा. तो खरा नसेल तर फाडा कागद.”

त्यांनी तुकडा भिंगाखाली धरला. उलटा केला, सुलटा केला. नंतर मला वाटतं तुकड्याकडे बघतच नव्हते, नुसतं भिंग धरून होते.

“पाच आहे,” म्हणाले. “मी पाचच म्हटलं असतं.” आणि सही केली.

कामाच्या खिडकीतला माणूस त्या दिवशी रजेवर होता. दोन्ही खिडक्या छोटीबाईच बघत होत्या. त्यांनी वाचलं. त्यांचा लाल पेन्सिलीचा हात आपोआप वर आला आणि हवेत राहिला.

“बाळ, हे बरोबर नाही.”

“काय चुकीचं आहे ते दाखवा. दुरुस्त करते.”

“तुझ्या आईचा विचार कर.”

“मी तोच करतेय. तुम्ही माझं बाळ करून ठेवलंय ते ठेवलंय, पण तिलाही केलंयत. रोज ज्योत धरणाऱ्या बाईला तुम्ही खऱ्या पत्राला घाबरणारी समजता.”

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली आणि शिक्का मारला. कागदावर जरा जोरातच.

पुढचे सहा महिने मी चांगली झोपले नाही, हेही सांगितलं पाहिजे. बाणेदारपणा दिवसा बरा वाटतो. आईचा हात खरंच हलला असेल तर, हा प्रश्न माझ्या उशाशी असायचा. मावशीला विचारलं तर म्हणायची, “तिचा हात? मी पाळण्यात असताना तिने मला एकदा पाडलंय, तेवढाच काय तो हलला.”

उत्तर आलं ते कामाच्या खिडकीतून. टंकलेलं, क्रमांक घातलेलं.

“उमेदवार यांस.

आपले सांधापत्र मिळाले.

बाब एक. मूळ सांधा त्याच दिवशी तपासला. तडा आहे, जागा तीच, लांबी तीच. खरवडून पुन्हा भरला. आपल्या आधीच्या दोन तपासनिसांच्या नजरेतून तो सुटला होता.

बाब दोन. शेरा वाचण्यास एक पूर्ण पाळी लागली. त्या पाळीत मी ज्योत धरली नाही. त्यानंतरच्या पाळीत धरली व हात स्थिर होता, असे नोंदवावे व संबंधित खात्यास दाखवावे.

बाब तीन. दातासंबंधीची माझी पूर्वीची सूचना रद्द समजावी. गरम पाण्याची पिशवी पोटावर ठेवावी.

बाब चार. मला पहिली पाळी लागली तेव्हा मी शाळेच्या जिन्याखाली होते. संध्याकाळपर्यंत तेथेच होते. कोणास सांगितले नाही. आपण सांगितलेत. काम माझ्यापेक्षा चांगले झाले आहे.

बाब पाच. उमेदवाराची उंची कळविलेली नाही. उतरताना फाटकापाशी नजर कोठे धरावी हे ठरविण्यासाठी ती आवश्यक आहे. अंदाजे नको.

वेल्डर ४१.”

आईने मला ‘आपण’ म्हटलेलं ते पहिलं आणि शेवटचं पत्र. मी ते तिथेच दोनदा वाचलं. मावशी शेजारी उभी राहून नाक ओढत होती आणि कोणी बघितलं की धुलाईघरातल्या सोड्याला नावं ठेवत होती.

“थांब,” छोटीबाई म्हणाल्या. त्यांच्यापुढे एक वेगळा कागद होता, खात्याच्या साहेबांकडून आलेला. “यावर सही हवी आहे. कामाच्या पत्रात यापुढे खासगी मजकूर घालणार नाही, अशी हमी. सही केलीस तर झालं गेलं सोडून देणार आहेत.”

“आणि नाही केली तर?”

“तर उमेदवारी जाईल की राहील ते मला माहीत नाही. खरंच माहीत नाही.”

मी हमीचा कागद वाचला. चांगल्या भाषेत होता. कुठे एक कठोर शब्द नव्हता. मी तो उलटा करून त्यांच्याकडे सरकवला.

“नाही करत. मला सांधापत्राचा एक कोरा नमुना द्या.”

“बाळ...”

“उमेदवार म्हणा. तिकडून आलेल्या कामाच्या पत्रात बाब पाच विचारली आहे. उत्तर दिलं नाही तर काम अपुरं राहतं. नियम तुमचाच आहे.”

छोटीबाईंनी खिडकीबाहेर रांगेकडे बघितलं. माझ्यामागे बाकीची जहाजवाल्यांची मुलं होती, कोणी दहाचं, कोणी सोळाचं, हातात घरची पत्रं धरून. सगळी ऐकत होती. एका मोठ्या मुलीने आपलं पत्र हळूच घडी करून खिशात घातलं.

छोटीबाईंनी खणातून कोरा नमुना काढला. मग उठून बाहेर आल्या. इतक्या वर्षांत त्यांना खिडकीबाहेर मी पहिल्यांदा बघत होते. मी खिशातली कारखान्याची गुंडाळायची पोलादी मोजपट्टी त्यांच्या हातात दिली आणि दाराच्या चौकटीला टाचा लावून, पाठ ताठ करून उभी राहिले. त्या वाकल्या, पट्टी लावली, माझ्या डोक्यावर तळहात सपाट धरला.

“एकशे एकोणसाठ,” त्या म्हणाल्या.

“नीट बघा.”

“आणि वर अर्धा. अर्ध्याने काय होतंय, सोडून देऊ.”

“तुमचं खातं सोडेल,” मी म्हणाले. “मी लिहिणार.”